पाहुणा जेवल्याशिवाय

अक्कासाहेब पाहुण्याच्या आधी जेवत नाहीत. घरात हे खपतं. पण अक्कासाहेब हॉटेल चालवतात.

ग्वाल्हेरपासून तासाभरावर त्यांची कोठी आहे. आजोबांनी ती शिकारीसाठी बांधली. शिकार बंद झाल्यावर वडिलांनी सहा खोल्या पाहुण्यांना उघडल्या आणि फाटकावर ‘हॉटेल’ अशी पाटी लावली. घराचे नियम बदलायचे राहून गेले.

एका नवरात्रात दिल्लीचे एक गृहस्थ नऊ दिवस फक्त दुधावर होते. अक्कासाहेबही दुधावर राहिल्या. दहाव्या दिवशी त्यांना निरोप देताना म्हणाल्या, “परत या. पण दिवाळीत.” नवं जोडपं जेवायला उतरलं नाही, तर त्या स्वतः दार वाजवतात. “बेटा, लग्न जन्मभर आहे. भाकरी गरम आत्ताच आहे.”

कोठीचा इतिहास लिहायचं काम त्यांनी माझ्यावर सोपवलं आहे. त्यातलं त्यांचं आवडतं वाक्य: “आमचं हॉटेल एक दिवसही बंद नव्हतं.” मी आयुष्य वर्तमानपत्रात काढलं. ‘एक दिवसही’ ऐकलं की मी पुरावा मागतो.

मेच्या शेवटी त्यांचा भाचा विक्रम गुडगावहून एका कंपनीच्या माणसाला घेऊन आला. कंपनीला कोठी लग्नसमारंभांसाठी हवी होती. मी तिथेच होतो.

“आत्या, गर्मीत इथे कोण येतं? बंदच तर पडलंय, यार.”

“एक दिवसही नाही. आधी जेवा.”

कंपनीचा माणूस म्हणाला, तो चारच्या आधी खात नाही. डाएट आहे.

“ठीक. मीही चारला.”

दोन वाजले. विक्रम कुजबुजला, “आत्या, तुमची शुगर...”

“मला काय सांगतोस? पाहुण्याला सांग.”

अडीचला डाएट मोडलं. मटणाचा रस्सा त्याने दोनदा मागून घेतला. मग हात पुसून कागद पुढे सरकवला.

“वाढलं ते पाहुण्याला,” अक्कासाहेब म्हणाल्या. “सही मागणाऱ्यासाठी फाटक तिकडे आहे.”

गाडी गेली. अक्कासाहेब जेवायला बसल्या. मी पाहुण्यांचं रजिस्टर मागवलं आणि मे महिना काढला. रोज एक पाहुणा होता. रोज तोच. नाव: रामस्वरूप. कुठून आलात: रसोई.

रामस्वरूप म्हणजे कोठीचा जुना स्वयंपाकी. तो ताटं उचलत होता.

“कोई नहीं आता तो हम बैठ जाते हैं, साहब. अक्कासाहेब परोसती हैं. नहीं तो वो खाती कहाँ हैं?”

अक्कासाहेब हात धुऊन आल्या. “चूक सापडली असेल तर सांगा.”

“नाही.”

“मग लिहा. एक दिवसही नाही.” त्यांनी रजिस्टर माझ्याकडून घेतलं, पान सरळ केलं, पण मिटलं नाही. “रामस्वरूप उद्या गावी चाललाय. नातीचं लग्न आहे. आठ दिवस.”

मी पानाकडे पाहिलं. उद्याच्या तारखेखालची ओळ रिकामी होती.

“तुमचं इतिहासाचं काम बाकी असेलच अजून?”

या बाईंनी मला आजवर प्रश्न विचारला नव्हता. हुकूमच दिले होते.

मी पेन उघडलं. उद्याच्या तारखेखाली माझं नाव लिहिलं. कुठून आलात: इंदरगंज, ग्वाल्हेर. कधी जाणार, तो रकाना कोरा ठेवला.