कलेक्टर तळं बघायला येणार

भिवंडीजवळच्या वळ गावच्या कमळाकाकींनी उतारवयात आपल्या घरामागच्या तळ्याचं चित्र काढलं आणि या कृत्यामुळे गावाच्या सार्वजनिक शांततेस बाधा पोहोचली.

काकी तशा निरुपद्रवी. दोष असलाच तर एवढाच, की त्यांना सगळं आठवत असे. घरामागे आता पुतण्या दौलतचं ऑनलाइन मालाचं गोडाऊन होतं, भिंतीला भिंत लावून, निळ्या पत्र्याचं. पण काकींनी खिडकीशी बसून काढलं ते त्याच्या खाली बुजवलेलं तळं. काठावरचा करंज, डुंबणाऱ्या म्हशी, बगळा, पाण्यावरची पोयणीची फुलं आणि पायरीवर धुणं आपटणारी त्यांची सासू. सासू पाठमोरी. समोरून काढली असती, तर तिथूनही तिनं काहीतरी सुनावलं असतं. रंग नात नेत्रा फोनवरून मागवी. ते दौलतच्याच गोडाऊनमधून निघत, आधी पुण्याला जात आणि मग भिंतीअलीकडे येत.

नेत्रानं चित्राचा फोटो फोनवरून नेटवर टाकला आणि एका दुपारी अंगणातूनच ओरडून सांगितलं, "आजी, रविवारी मुंबईचे कलेक्टर येतायत. तळं बघायला."

कलेक्टर म्हणजे चित्रं जमवणारा, हा अर्थ नेत्राच्या कॉलेजात चालत असे. वळमध्ये कलेक्टर एकाच प्रकारचा, आणि तो आला की कुणाची तरी जमीन जाते. भिंतीपलीकडे दौलतच्या हातातला चहा गार झाला.

संध्याकाळी तो पेढे घेऊन आला.

"काकी, ह्यं तळं कशाला काढलंस गं?"

"व्हतं म्हणून."

"कागदावर न्हाय."

"म्हणून तर कापडावर काढलं."

दौलतनं विषय बदलला. तळं बुजल्यावर काकींची विहीर आटली होती, आणि तेव्हापासून त्यांच्या घरचा नळ गोडाऊनच्या टाकीवर चालत होता. "पाणी येतंय ना बरोबर?" त्यानं मायेनं विचारलं. काकींना प्रश्न कळला. त्यांनी ब्रश उचलून तळ्याचं डबकं केलं.

दुसऱ्या दिवशी त्यानं हितेशला आणलं. हितेश भिवंडीत लोकांची सरकारी कामं करून देई. त्यानं चष्मा लावून चित्राची स्थळपाहणी केली.

"डबकं एकवेळ चालेल, पण बगळा नको. बगळा हा पाणथळ जागेचा पुरावा धरला जातो."

बगळा उडवण्यात आला.

"हे झाड आज जागेवर नाही. म्हणजे तोडलं. परवानगी?"

करंज मुळात उगवलाच नव्हता, असं ठरलं. मग डबक्याविषयी फेरविचार होऊन तेही गेलं. त्याबरोबर म्हशी कोरड्या जमिनीत गळ्यापर्यंत रुतल्या. त्या कशात डुंबताहेत असा प्रश्न उपस्थित होऊ शकतो, सबब म्हशीही काढल्या. उरली सासू.

"या बाई धुणं कशात धुतायत?"

"तिला हात लावायचा न्हाय," काकी म्हणाल्या. "जितेपणी कुणाची टाप नव्हती तिला हलवायची."

"मग निदान धुणं काढून घ्या. नुसत्या बसू द्या."

सासू आयुष्यात पहिल्यांदाच नुसती बसली. पण दुसऱ्या दिवशी हितेशला ती प्रकल्पबाधित वाटू लागली. दुपारी नळाला पाणी आलं नाही, आणि संध्याकाळी काकींनी तिच्यावरून राखाडी रंगाचा हात फिरवला. फिरवताना त्यांनी डोळे मिटून घेतले होते, म्हणून खालच्या कोपऱ्यात सासूची एक ओली टाच तेवढी राहून गेली.

रविवारी मंडप उभा राहिला. शाल, नारळ, सनईची कॅसेट. गाडीतून फाटक्या जीन्समध्ये विनिता नावाची बाई उतरली.

"कलेक्टर कुठायत?" दौलतनं विचारलं.

"मीच."

हुद्दा जितका मोठा तितके कपडे साधे, असा हितेशनं खुलासा केला आणि शाल तिच्या खांद्यावर पडली.

विनितानं फोनमधला फोटो पाहिला, मग कापड पाहिलं, मग पुन्हा फोटो. "आठवड्याभरात शैली इतकी बदलली?"

"घरच्यांचा आधार हाय," काकी म्हणाल्या.

"इथं काहीच नाही," विनिता हळूच म्हणाली. आणि तिनं शालीच्या टोकानं डोळे टिपले.

"लेखी द्याल का, मॅडम?" दौलत पुढे सरसावला.

"देतेच. माझ्या संग्रहातल्या प्रत्येक कामाला मी प्रमाणपत्र देते." आणि तिनं लिहून दिलं: 'प्रत्यक्ष पाहिले. येथील रिकामेपण अस्सल आहे.' दौलतनं ते लॅमिनेट करून घेतलं. त्याच्या जोरावर शेजारी दुसरं गोडाऊन उभं राहतंय.

मग विनिताला टाच दिसली. "ही कुणाची?"

"सासूची. खाली आख्खी बसलीय. तळंबी हाय. वरचा रंग अजून ओला हाय, टर्पेंटाइनचा बोळा फिरवला की समदं वर येल." काकींनी बोळा उचललासुद्धा.

"नको, नको. खाली तळं आहे, एवढं मला माहीत असलं की पुरे. ते दिसायला कशाला हवं? आणि राखाडी माझ्या सोफ्याशी जुळतो."

काकींनी मान हलवली. सौदा ठरून विनिताची गाडी गेल्यावर त्यांनी चित्र तिला पाठवायला खोक्यात भरलं. भरण्याआधी मात्र दार लावून घेतलं आणि निवांतपणे बोळा फिरवला. आधी सासूची पाठ वर आली, मग धुणं, मग पाणी.

खोकं दौलतच्या गोडाऊनमधून मुंबईला गेलं आणि आठवड्याच्या आत परत आलं. वर चिठ्ठी होती: 'वस्तू दाखवल्याप्रमाणे नाही.' परत आलेला माल गोडाऊनच्या मागच्या कोपऱ्यात रचतात. तळ्याच्या पायऱ्या पूर्वी तिथंच होत्या. तळं आपल्या जागेवर रुजू झालं. नेत्रानं सांगितलं तेव्हा काकी फक्त म्हणाल्या, "आता सासूबाई बघून घेतील."

तुम्ही परवा फोनवर मागवलेल्या चपला त्याच कोपऱ्याजवळून निघाल्या आहेत. खोक्याचा तळ ओलसर लागला, तर तक्रार करू नका. मागवताना तुम्ही रंग विचारला होता, माप विचारलं होतं. खाली काय आहे, हे तुम्हीही विचारलं नव्हतं.