सगळ्या गल्लीचा एकच रविवार

१९७५ साली, ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी, आमच्या बेटावरच्या रोझ हिल गावातली एक आख्खी गल्ली आपापल्या छपरावर चढून उभी होती आणि कोणाच्याच मदतीला कोणी येत नव्हतं. त्या दिवसाचं आकाश जुन्या माणसांच्या बोलण्यात अजून येतं. चिंचेने घासून पालथी घातलेली वाटी जशी दिसते तसं ते दिसत होतं. कोर द गार्दचा डोंगर इतका जवळ आला होता, की हात लांब करून त्याच्या माथ्यावर पदर वाळत घालावा. ढग म्हणून औषधाला नव्हता. असणार कसा? गोवर्धनने तसं सांगितलंच होतं.

हा गोवर्धन म्हणजे कुसुमावतीचा नवरा. हवामानखात्यात नोकरीला. त्या वर्षी फेब्रुवारीत जेर्वेज नावाचं चक्रीवादळ येऊन बेटाची दैना करून गेलं होतं, आणि पुढच्या वादळाआधी शहरांनी काय तयारी करावी यावर खात्यात संशोधन चाललं होतं. गटारं कुठे रुंद करायची, निवारे कुठे उघडायचे, असं बरंच काही. गोवर्धनच्या वाट्याला त्यातला एक कोपरा आला होता: वादळाचे महिने सुरू होण्याआधी लोकांनी पक्की छपरं टाकावीत, तर त्यासाठी सर्वांत कोरडे दिवस कोणते? जुन्या पावसाचे आकडे तो इतक्या मायेने चाळायचा, की कुसुमावतीला कधीकधी त्या पावसाचाच हेवा वाटायचा.

तिला स्वतःला हवं होतं ते एवढंच, डोक्यावर सिमेंटचा स्लॅब. जेर्वेजने तिचा पत्रा उडवला होता. ती आणि गोवर्धन ती आख्खी दुपार जेवणाच्या टेबलाखाली बसून होते, आणि वर छप्पर नसल्यामुळे पाऊस थेट टेबलावर जेवायला बसला होता. पत्रा नंतर सापडला तो खालच्या आळीतल्या लिचीच्या झाडावर. तिचाच कशावरून? तर आंब्याच्या फोडी वाळवल्याचे हळदीचे डाग त्यावर होते. तोच पत्रा ठोकून पुन्हा वर चढवला, पण त्यानंतर वारा जरा वाजला की तिला झोप लागेना. झोप लागलीच तर स्वप्नात स्लॅब दिसे. सपाट, पांढरा, चांदण्यात पसरलेला. त्यावर ती चटई टाकून पडली आहे, उशाशी लोणच्याच्या बरण्या आहेत, आणि खाली कितीही वादळ येवो, स्लॅब आपला नांगर टाकलेल्या गलबतासारखा स्वस्थ उभा आहे.

एका संध्याकाळी गोवर्धन चहाचा पेला खाली ठेवून म्हणाला, "ऑक्टोबरचा शेवटचा रविवार. त्या दिवशी पाऊस पडला तर मी मिशी उतरवीन."

मिशीवर त्याचा फार जीव होता. कुसुमावती काय समजायचं ते समजली. अहवाल नगरपालिकेकडे गेला आहे, तिकडून उत्तर येईपर्यंत कोणाला सांगू नकोस, असंही त्याने बजावलं. नगरपालिकेने अहवालावर फुलदाणी ठेवली होती म्हणतात.

कुसुमावतीने खरंच कोणाला सांगितलं नाही. फक्त भगवतीला सांगितलं. भगवती समोरच्या घरातली, जिभेने तिखट, मनाने मऊ. देवळातल्या मराठीच्या वर्गाहून येताना ती सहज बोलून गेली, की तुझ्या नवऱ्याचं बरं आहे गो, आकाशाकडे बघायचा पगार मिळतो. मग कुसुमावतीला राहवलं नाही. तिने त्या रविवारची सारी कथा सांगितली, मिशीसकट. भगवतीने कोणाला न सांगायची शपथ घेतली आणि तीच शपथ घालून एकेकाला वेगवेगळं सांगून टाकलं.

इकडे कुसुमावतीची तयारी चोख. आमच्याकडे स्लॅब टाकणं म्हणजे लग्नाइतकं काम. मजूर कोणी लावत नाही. भाऊबंद, शेजारी, देवळातली मंडळी येतात, घमेल्यांची रांग लागते, एका दिवसात सगळं छत ओतून होतं आणि घरवाली सगळ्यांना जेवू घालते. उद्या त्यांच्याकडे असलं की आपण जायचं. तिने इंद्रजीत मिस्त्रीला सांगून ठेवलं. ब्रीझे वेर्दिएर गावातला तिचा भाऊ देवराज लॉरीभर माणसं आणणार होता. पत्रे उतरवले, फळ्या-टेकू लावले, सळ्या बांधल्या. आणि देवळातली मोठी पातेली कोणी आधी उचलू नयेत म्हणून ती सगळीच्या सगळी घरी आणून ठेवली.

रविवार उजाडला. पातेल्यांत भात, डाळ, भोपळ्याची भाजी शिजत होती. पुऱ्यांची परात डोंगरासारखी भरली होती. माणूस मात्र एकही नाही. वाट पाहून कुसुमावती शेवटी शिडीने वर चढली, लॉरी दिसते का बघायला.

तिला दिसली ती सगळी गल्ली. घराघराला शिडी लावलेली, घराघरावर सळ्या बांधलेल्या, आणि प्रत्येक छपरावर नवरा-बायको उभे राहून, कपाळावर हात धरून रस्त्याकडे बघत होते. कोणी कोणाला ओळख दाखवून हात हलवला, म्हणून दुसऱ्यानेही हलवला. सकाळच्या उन्हात ते दृश्य मोठं सुंदर होतं. बंदरातली गलबतं सुटायच्या बेतात असावीत तसं. सगळे यजमान, पाहुणा एकही नाही.

"भगवती," कुसुमावतीने समोरच्या छपरावर विचारलं, "तू आज माझ्याकडे घमेली उचलायला येणार होतीस ना?"

"आणि तू माझ्याकडे भात शिजवायला येणार होतीस," भगवती म्हणाली. "पातेली आणायला देवळात गेले, तर देव तेवढे उरलेत तिथे."

गोवर्धन खाली अंगणात उभा होता. आयुष्यात पहिल्यांदा एका आख्ख्या वस्तीने त्याच्या संशोधनाप्रमाणे वागायचं ठरवलं होतं. त्याला धड आनंदही करता येईना.

देवराज आला तो दुपारच्या सुमाराला, बसने, एकटा, गुडघ्यापर्यंत सिमेंटने माखलेला. लॉरी कार्तिए मिलितेरच्या चौकात त्या दोघांच्या सख्ख्या मामांनी अडवली होती. त्यांच्याकडेही आजच स्लॅब होता. कोणीतरी त्यांना सांगितलं होतं, की रोझ हिलमध्ये एक जाणता माणूस आहे. मामांना नाही कसं म्हणायचं, असं देवराजने बहिणीलाच उलट विचारलं. इंद्रजीत मिस्त्री तर सगळ्यांनाच हो म्हणून बसला होता. थापी हातात घेऊन तो गल्लीतून असा धावत होता, की जणू त्याच्याच घराला आग लागली आहे. कुसुमावतीने त्याला फाटकाशी गाठलं.

"की पू फेर, कुसुमबाय," तो धापा टाकत म्हणाला. "काय करणार? मिस्त्री एक, रविवार एक, आणि तुझ्या घोवानं छपरं केली इतकी."

मग वाऱ्यावर फोडणीचा वास सुटला. छपराछपरांवरची भुकेली तोंडं हळूहळू रस्त्यावरून वळली आणि कुसुमावतीच्या चुलीकडे लागली. तिने संधी साधली. वरूनच सांगितलं, की जेवण माझ्याकडे आहे, आणि जो माझ्या छताला हात लावील तोच जेवेल. पण सिमेंट कालवायचं यंत्र भगवतीने भाड्याने आणलं होतं. ते हलवायचं की नाही हे भगवतीच्या हातात होतं. दोघींचा तह झाला: यंत्र गल्लीच्या त्या टोकापासून सुरू करायचं, सगळ्यांनी मिळून एकेक छत ओतत यायचं, मधे प्रत्येकाला दोन-दोन पुऱ्या, आणि शेवटी कुसुमावतीचं छत झालं की भरपेट पंगत.

घरं लहान, बहुतेकांची एखादी खोलीच ओतायची होती. काम असं झपाट्याने चाललं, की माणसं एकमेकांच्या घमेल्यांत पाय घालत होती. ज्यांचं वर्षभर बोलणं नव्हतं ते एकाच शिडीवर वरखाली उभे होते. एका छतावरून दुसऱ्यावर जाताना भगवतीने गाणं धरलं, इतरांनी ते उचललं, आणि उन्हं कलली तरी कोणाला दमल्यासारखं वाटेना. कुसुमावतीला तर सारखं वाटत होतं, की आपण टेबलाखालीच बसलो आहोत आणि हे सगळं स्वप्न आहे.

यंत्र तिच्या दारात आलं आणि नळ गेला.

सगळी गल्ली दिवसभर पाणी ओढत होती. नळाने एक सुस्कारा टाकला, दोन थेंब दिले आणि तो गप्प झाला. पिंपं केव्हाच कोरडी पडली होती. सिमेंट तयार, रेती तयार, खडी तयार, माणसं तयार, आणि पाण्यावाचून सारं अडलेलं. सकाळपासून ज्या आकाशाचं कौतुक चाललं होतं, त्याच्याकडे आता सगळेजण भिकाऱ्यासारखे बघू लागले. एक ढग यावा, एक सर यावी, सिमेंट कालवण्यापुरती.

"भाऊजी, पाडा की जरा," भगवती गोवर्धनला म्हणाली. "बायकोसाठी मिशी गेली तर गेली."

गोवर्धनने फार वेळ आकाश पाहिलं. मग त्याने अपराध्यासारखं सांगितलं, "आज नाही पडणार."

कुसुमावती खाली उतरली. तिने तांदूळ धुतलेलं पाणी उचलून यंत्रात ओतलं. त्यामागून चहाचं आधण गेलं. मग भाज्या धुतलेलं, पुऱ्या लाटून हात धुतलेलं, आणि शेवटी डाळीच्या पातेल्यावरचं पातळ पिवळं पाणी. इंद्रजीत कपाळाला हात लावून उभा राहिला; पुढे आयुष्यभर तो सांगायचा, की बाईला थांबवलं नसतं तर भोपळाही गेला असता. एवढ्या पाण्यात अर्ध्या घराचा, स्वयंपाकघराच्या बाजूचा स्लॅब झाला. उरलेल्या घरावर पुन्हा तेच पत्रे चढले. पंगतीत सगळ्यांना घट्ट डाळ वाढली, आणि कोणी पाणी मागितलं नाही.

सोमवारी सकाळी कचेरीची वेळ झाली आणि धो धो पाऊस आला.

पुढचं सांगायचं तर, देवराजला मामांनी जावई करून घेतलं. लॉरी तिकडेच राहिली. इंद्रजीत मिस्त्रीने त्या दिवसानंतर कोणालाच हो म्हणणं सोडलं आणि त्यामुळे त्याचा भाव वाढला. भगवती मुलाकडे फ्रान्सला गेली. तिथून पत्र पाठवायची, की इथे छपरं उतरती आहेत, उभं राहून बोलायला कोणी दिसत नाही. गोवर्धनने अहवालाला एक कलम जोडलं, की दर वस्तीला वेगळा रविवार द्यावा. नगरपालिकेचं उत्तर तो निवृत्त होईपर्यंत आलं नाही. मिशी मात्र शेवटपर्यंत राहिली.

१९७९ च्या डिसेंबरात क्लोदेत नावाचं चक्रीवादळ आलं. गल्लीतलं एकही छप्पर हललं नाही, कुसुमावतीचं पत्र्याचं अर्धं सोडून. ते पुन्हा त्याच लिचीवर जाऊन बसलं. ती दोघं मात्र डाळीच्या स्लॅबखाली गाढ झोपली होती. त्या स्लॅबवर अजून पिवळसर झाक आहे, आणि पुढे उरलेला स्लॅब टाकला तेव्हाचा सांधा दर पावसात गळतो.

उद्या ऊन पडणार की नाही हे कुसुमावतीला आता वास घेऊनही कळतं. गल्लीतल्या पोरीबाळी विचारायला येतात. ती सांगते, पण आधी आपल्या आंब्याच्या फोडी वर पसरून घेते आणि पाण्याची पिंपं भरून ठेवते.