मागच्या खोलीतलं इंजिन

मेकॅनिकला बोलवायचं नाही, एवढंच हेडक्लार्कांनी त्या दिवशी ठरवलं. त्यांच्या आयुष्यात ठरवण्यासारखं तसंही फारसं उरलं नव्हतं. निवृत्त झाल्यापासून घरात काय शिजणार हे बायको ठरवायची, टीव्हीवर काय लागणार हेही बायकोच ठरवायची, आणि झोप कधी लागणार ते गुडघे ठरवायचे. राहता राहिली मागच्या खोलीतली मोटारसायकल. ती मात्र त्यांची होती. (कागदोपत्री. चालत ती कुणासाठीच नव्हती.)

ती त्या खोलीत गेली कशी, ही हकिगत हेडक्लार्क सहसा सांगत नसत. घरात नवं बाथरूम बांधायचं ठरलं, तेव्हा प्लॅन त्यांनी स्वतः काढला, पट्टी लावून, शिसपेन्सिलीने. सिमेंटची धूळ गाडीवर बसू नये म्हणून काम सुरू व्हायच्या आदल्या दिवशी त्यांनी ती ढकलत मागच्या खोलीत नेली आणि वर चादर घातली. काम संपलं. गाडीवर धुळीचा कण बसला नाही. फक्त नव्या भिंतीमुळे पॅसेजला असं काटकोनी वळण आलं की त्यातून माणूस वळायचा, बादली वळायची, मोटारसायकल काही वळेना.

"साहेब, प्लॅन तुमचाच आहे," गवंडी म्हणाला आणि हात धुऊन निघून गेला.

तेव्हापासून गाडी आत आणि बायकोचं शिलाई मशीन बाहेर, जेवणाच्या टेबलावर. जेवताना ताटात टाचणी निघाली तर हेडक्लार्क ती मुकाट्याने बाजूला काढून ठेवत. बायको ती टाचणी मुकाट्याने उचलून टाचण्यांच्या उशीत खोचून ठेवी. त्या दोघांचा संसार बरीच वर्षं असाच चालला होता, मुकाट्याने.

पण या खेपेला बायको बोलली. तिला शिवणाचा क्लास काढायचा होता. मुली ठरल्या होत्या. शनिवारी दुपारी पहिला वर्ग.

"मागची खोली शनिवारपर्यंत मोकळी झाली तर ठीक. नाही झाली तर ताईकडचा वरचा मजला रिकामाच आहे, क्लास तिथे घेईन," ती म्हणाली. "आणि रोज एवढं जायचं-यायचं माझ्याच्याने होणार नाही. तिकडेच राहीन."

"किती दिवस?"

"क्लास चालेल तितके दिवस."

ताई म्हणजे तिची थोरली बहीण. ताईचा नवरा, म्हणजे हेडक्लार्कांचे साडू, हा माणूस घरातला नळ स्वतः दुरुस्त करायचा आणि वर ते चारचौघांत सांगायचा. त्यांनी फोनवरच निकाल देऊन टाकला. "वळणावरून काढायची तर गाडी मागच्या चाकावर उभी करावी लागेल. इंजिनासकट ती उभी राहायची नाही, तेव्हा आधी इंजिन उतरवा. पण मेकॅनिक बोलवा हं. तुमच्या हातचं काम नाही ते."

तुमच्या हातचं काम नाही! याच हातांनी हेडक्लार्कांनी तीस वर्षं इतरांची कामं अडवून ठेवली होती. आणि खरं सांगायचं तर त्यांना राग साडूंचा नव्हता, भीती वाटत होती. बायको गेली तर दिवसभर या घरात कुकरच्या शिट्ट्या मोजायलाही कुणी नसणार, कारण कुकर लावता कुणाला येतोय? हे तिला सरळ सांगावं असं त्यांच्या मनात दोनदा आलं. पण घरात इतकी वर्षं असलं काही कुणी बोललं नव्हतं, सुरुवात कुठून करतात हेच त्यांना माहीत नव्हतं. त्यापेक्षा इंजिन काढणं सोपं.

शनिवारी सकाळी बायको खडू आणि कापड आणायला बाजारात गेली. हेडक्लार्कांनी मागच्या खोलीचं दार आतून लोटून घेतलं. (काम पुरं होण्याआधी ते कुणी पाहू नये, ही ऑफिसातली जुनी सवय.)

सुरुवात उत्तम झाली. टाकी निघाली. सायलेन्सर निघाला, निघताना पायाच्या अंगठ्यावर पडला, पण निघाला. चेन निघाली. कार्बोरेटर नावाची वस्तू कोणती हे कळायच्या आधीच ती हातात आली. नटबोल्ट ठेवायला त्यांनी बायकोचा बटणांचा डबा घेतला, आणि बटणं ठेवायला दुसरं काही न सापडल्याने ती तशीच राहू दिली. एक बोल्ट मात्र गंजून असा बसला होता की त्याने हेडक्लार्कांच्या तोंडून त्यांच्या दिवंगत साहेबांचा उद्धार करवला. शेवटी तोही सुटला.

आता इंजिन उचलून काढायचं. ते उचलेना. तेव्हा त्यांना एक नामी युक्ती सुचली. इंजिन फ्रेममधून काढण्याऐवजी फ्रेमच इंजिनावरून काढली तर? गाडी आडवी करायची आणि सांगाडा वर उचलून घ्यायचा. लागू नये म्हणून खाली मऊ काहीतरी हवं. त्यांनी पलंगावरची गादी आणली. (बायकोच्या बाजूची. त्यांच्या बाजूची फार दबली होती.)

आधी तेल काढून घ्यायचं असतं, हे त्यांना माहीत नव्हतं असं नाही. पण इतक्या वर्षांत ते वाळून गेलं असणार असा त्यांनी हिशेब केला.

तेल वाळत नाही. गाडी आडवी झाली, फ्रेम खडखडत मोकळी झाली, हेडक्लार्कांनी ती भिंतीला टेकवून ठेवली आणि वळून पाहिलं तर गादीवर काळा डाग पसरत चालला होता. तरी त्यांचा ऊर भरून आला. इंजिन निघालं होतं! त्यांच्या हातून! ते आता थेट दाराशी नेऊन ठेवायचं, म्हणजे बायको आली की पहिल्यांदा तेच दिसलं पाहिजे. त्यांनी गादीचं टोक धरलं आणि सगळं बळ लावून इंजिनासकट गादी दाराकडे ओढली.

गादी आली. इंजिन तिच्याही पुढे आलं. तेलावरून सुळकन निसटून ते दारावर आदळलं, आणि दार व दारालगतचं लोखंडी कपाट यांच्या मधोमध असं अडकलं की जणू सुताराने मापं घेऊनच बसवलं होतं. दार आत उघडणारं. खिडकीला गज. हेडक्लार्कांनी इंजिन ढकलायला जोर लावला आणि स्वतःच बसले. उठून पुन्हा लावला, पुन्हा बसले. तिसऱ्यांदा ते उठलेच नाहीत.

बाहेर बायकोच्या चपला वाजल्या.

"अहो, दार उघडा."

"उघडत नाही."

"कडी काढा."

"कडी लावलेलीच नाही. इंजिन आडवं आलंय."

"मेकॅनिक आहे का आत?"

"नाही."

"मग आत कोण आहे?"

"मी."

"आणि माझी गादी?"

"तीही आहे," हेडक्लार्क म्हणाले. यापुढचं त्यांनी सांगितलं नाही.

बायकोने साडूंना फोन लावल्याचं ऐकू आलं. मग टेबल सरकवल्याचा आवाज. म्हणजे मशीन गुंडाळतेय, असं त्यांच्या मनाने घेतलं. ती निघाली. ते तेलात बसल्या बसल्याच दारापाशी सरकले.

"अगं, ऐकलंस का?"

"काय?"

"तू ताईकडे जाऊ नकोस."

टेबलाचा आवाज थांबला.

"तू नसलीस की घर खायला उठतं मला," ते म्हणाले. "तू बाजारात गेलीस तरी मी दोनदा घड्याळ बघतो. हे मी कधी बोललो नाही. पण आहे तसं."

बायको दाराच्या पलीकडे होती. तिचा श्वास ऐकू येण्याइतकी जवळ.

"इतकी वर्षं दार उघडंच होतं," ती म्हणाली. "तेव्हा नाही सुचलं हे?"

तेवढ्यात बाहेर बेल वाजली आणि पाच-सहा मुलींचा कलकलाट घरात शिरला. बायको लगबगीने तिकडे गेली.

साडू आले ते खिडकीशी. गजांतून त्यांनी आतलं दृश्य मनसोक्त पाहून घेतलं आणि उंटावरून शेळ्या हाकायला सुरुवात केली.

"कपाट मागे सरकवा की!"

"सरकत नाही."

"भरलेलं आहे?"

"हो."

"मग रिकामं करा!"

(हे हेडक्लार्कांच्याही मनात येणारच होतं.) कपाटात त्यांनी जपलेली जुनी वर्तमानपत्रं होती. ती एकेक गठ्ठा करून काढता काढता बाहेर हॉलमध्ये वर्ग सुरू झालेला ऐकू येत होता. बायको माप कसं घ्यायचं ते सांगत होती. मुली हसत होत्या. आणि मध्येच बायकोही हसली, खळखळून. हा आवाज त्यांनी शेवटचा कधी ऐकला होता, ते आठवेना. गठ्ठा हातात धरून ते तसेच उभे राहिले.

"झोपलात का?" साडूंनी विचारलं.

दार उघडलं तेव्हा वर्ग सुटायला आला होता. काळ्या हातांनी, काळ्या कपड्यांनी हेडक्लार्क पॅसेजच्या वळणातून बाहेर आले. एक मुलगी किंचाळली. बायकोने शांतपणे जमिनीवर कागद अंथरला आणि म्हणाली, "यावर उभे राहा."

पुढचं सगळं भराभर झालं. दुसऱ्या दिवशी भंगारवाल्याने सांगाडा उभा करून वळणावरून अलगद बाहेर काढला, इंजिन खांद्यावर घेतलं, गादीही नेली. हेडक्लार्कांची फार इच्छा होती की गाडी बाहेर जिन्याखाली ठेवून हळूहळू पुन्हा जोडावी. पण नटबोल्टांतली बटणं वेचताना बायकोचा चेहरा जो काही झाला होता, तो पाहून त्यांनी विषय काढला नाही.

आणि बायको ताईकडे गेली नाही. हे नीट लक्षात घ्या, ती गेली नाही. रात्री जेवताना तिने ते आपणहून सांगितलं.

"मी कुठे जात नाही आता. इथेच घेणार क्लास."

हेडक्लार्कांनी हातातला घास ताटात परत ठेवला. म्हणजे ऐकलं तिने. दाराआडून का होईना, पोचलं.

"हॉलमध्ये उजेड छान येतो," ती पुढे म्हणाली. "मुलींनाही तिथेच आवडलं. तेव्हा क्लास हॉलमध्ये. आणि मागची खोली मोकळी झालीच आहे, तर तुमची खुर्ची तिकडे टाकते. दिवसभर हॉलमध्ये तुम्ही बसलात तर मुलींना अवघडल्यासारखं होतं."

खुर्ची गेली. पाठोपाठ हेडक्लार्क गेले. जुने कपडे, उरलेली कापडं, दोऱ्यांच्या पेट्या हेही सगळं हळूहळू तिकडेच आलं. क्लास जोरात चालला आहे. दुपारी ते आत बसून मशीनची घरघर आणि बायकोचं हसणं ऐकतात. ती घरातच असते, हे खरंय. त्यांना हवं होतं तेच झालं, असं ते स्वतःला समजावतात, आणि मग ते समजावणंच त्यांना कडू लागतं.

परवा एक नवी मुलगी दोऱ्यांची पेटी न्यायला आत आली. तिने खुर्चीकडे पाहिलं, खुर्चीमागे पाहिलं, आणि तिथूनच ओरडून विचारलं, "बाई, पेटीच्या पुढ्यात एक आजोबा आहेत. त्यांना उठवू का?"

"उठवू नकोस गं," हॉलमधून बायकोचा आवाज आला. "थोडे सरकव. मागून निघते पेटी."

मुलगी फार भली होती. तिने सांभाळून सरकवलं.