प्रत्येकाचं घर वेगळं

दादाने एखादं काम मनावर घेतलं की ते चोख होणारच, असं निदान दादाचं तरी ठाम मत होतं. घरच्यांचे फोटो आणि कागदपत्रं एका जागी राहावीत म्हणून त्याने सर्व्हर उभारला होता. आई-बाबा त्यांच्या घरून, धाकटी बहीण तिच्या घरून आणि हा आपल्या खोलीवरून त्यात फाइली टाकायचे. पण बाबांनी आपल्या दाढांचे एक्सरे नातीच्या वाढदिवसाच्या फोटोंत नेऊन ठेवले आणि दादाचं डोकं फिरलं.

रविवारी सकाळी बैठक मारून त्याने प्रत्येकाला आपापल्या फोल्डरात कोंडलं. सर्व्हरच्या भाषेत त्या फोल्डरला घर म्हणतात. म्हणून त्याने सरळ मनाने निरोप धाडला : ‘आजपासून प्रत्येकाचं घर वेगळं. दुसऱ्याच्या घरात कुणालाही शिरता येणार नाही.’

बाबांनी चष्मा पुसून निरोप दोनदा वाचला. आईने मामाला फोन लावला.

"पोरानं वाटण्या केल्या रे."

"तुझ्या वाट्याला काय आलं?"

आईने कॉम्प्युटर उघडून पाहिलं होतं. "रिकामंच आहे. आणि बाहेरही पडता येत नाही."

मामाची हयात कोर्टात कारकुनी करण्यात गेलेली. त्याने धाकटीला साक्षीला घेऊन दादाला फोन केला.

"आईबापाला एका खोलीत कोंडतोस? लाज नाही वाटत?"

"एका नाही मामा, दोघांना वेगवेगळ्या," दादाने खुलासा केला.

मग काय, आगीत तेलच पडलं. आई-बाबांनाही फोनवर घेऊन उलगडा व्हायला तास गेला. बाबा हसले, धाकटीची तर हसून पुरेवाट झाली. आईला तेवढं हसू आलं नाही.

"आई, नातीचे फोटो तुझ्या फोल्डरात टाकतो ना मी."

"ते धाकटी पाठवतेच. मी रोज तुझ्या फोल्डरात डोकावते. मला त्यातलं ओ की ठो कळत नाही. पण काही नवं दिसलं की वाटतं, चला, पोरगं उठलं, कामाला लागलं. तुझा फोन काय, पंधरा दिवसांनी येतो."

दादाला भरून आलं. चोखपणा गेला खड्ड्यात म्हणत त्याने आपलं फोल्डर आईला सताड उघडं करून दिलं. वाचायची, लिहायची, पुसायचीसुद्धा मुभा.

दुसऱ्या दिवशी तीन महिने घोटून घोटून लिहिलेला राजीनामा मोबाइलवरून साहेबांना पाठवायचा आणि लगेच आत जायचं म्हणून तो त्यांच्या केबिनबाहेर उभा राहिला, तर फोल्डरात फाइल जागेवर नाही. तेवढ्यात आईचा फोन.

"तुझ्या घरातला केर काढला हो. एकेक कागद सात-सातदा ठेवलेला. आणि ती राजीनाम्याची चिठ्ठी पुसून टाकलीय मी. चांगली नोकरी आहे. जेवलास का?"

"जेवतो," दादा म्हणाला आणि जागेवर जाऊन बसला.