गावंडे सर येऊन राहिले

वर्गात आसूड घेऊन जाणारे प्राध्यापक माझ्या माहितीत एकच, आमचे गावंडे सर. बैल हाकायचा खराखुरा चामडी आसूड, अकोल्याच्या बाजारातून आणलेला. अमरावतीला आमच्या व्यवस्थापन विभागात सर पुरवठा साखळी शिकवायचे. म्हणजे शेतातला कापूस तुमच्या अंगातला शर्ट होईपर्यंत कोणाकोणाच्या हातून जातो, कुठे अडतो आणि का अडतो, याचं शास्त्र. नव्या वर्गासमोर सर पहिल्याच दिवशी आसूड फटकारत आणि पुढच्या बाकावरची हुशार मुलं मुकाट्याने मागे सरकत.

"हात किती हालला माहा? इतकुसा. अन् टोक?" टोक तोवर ट्यूबलाइटला भेटून आलेलं असे. "असंच होते. गिऱ्हाईक दोन शर्ट जास्त मांगते, दुकानदार दहा सांगते, एजंट पन्नास सांगते, अन् तिकडे नांदगाव पेठेतला कारखाना दिवसरात्र चालू होते. गिऱ्हाईकाले पत्ताच नाई. मंधातल्यायनं घोळ केला."

"मंधात कोन होतं?" हा सरांचा लाडका प्रश्न. लग्नपत्रिका लग्नानंतर मिळाली, मंधात कोन होतं? पेपरात नाव चुकीचं छापलं, मंधात कोन होतं? विभागात चहा गार का येतो याचा त्यांनी आठवडाभर पाठपुरावा केला. किटली वाटेत परीक्षा विभागात गप्पा मारायला थांबते, असं निष्पन्न झालं. तेव्हापासून सर स्वतःच कॅन्टीनमध्ये जाऊन उभ्याने चहा घ्यायला लागले. "आता मंधात कोनीच नाई," असं आम्हाला मोठ्या विजयाने सांगितलं. तो चहा ते एकटेच घेतात, हे माझ्या जरा उशिरा लक्षात आलं.

मी तिथे हिशेबशास्त्र शिकवते. मूळची साताऱ्याची. पहिल्या वर्षी सरांचं बोलणं मला भांडण वाटायचं. पुढे कळलं की ते प्रेमाने बोलले तरी तसंच ऐकू येतं.

सरांची बायको, आमच्या काकू, जाऊन काही वर्षं झाली होती. सर विद्यापीठाच्या क्वार्टरमध्ये एकटे राहत, मुलगा अमोल पुण्याला नोकरीत. सरांचं निवृत्तीचं वर्ष लागलं आणि जो तो विचारू लागला, "सर, आता कुठे? अकोल्याच्या घरी की पोराकडे?" सर म्हणायचे, "पाहू, अमोल काय म्हनते." अमोल काहीच म्हणत नव्हता. त्याने आपणहून "बाबा, इकडे या" म्हणावं, एवढीच सरांची इच्छा. पण ती तोंडातून काढतील तर शपथ.

त्यातच पुण्यात एक दिवसाचं चर्चासत्र निघालं. सरांनी अमोलला फोन लावला. तो आंघोळीला गेला होता, फोन सुनेने घेतला. ऋचा, जन्माने आणि बोलण्याने अस्सल पुणेकर. सर म्हणाले, "बाई, परवा मी तुमच्याकडे येऊन राहिलो. अमोलले सांगजो." आणि फोन ठेवला.

आता वऱ्हाडात "येऊन राहिलो" म्हणजे येतोय, बस. पुण्यात त्याचा अर्थ काय होतो, ते चर्चासत्राहून परतल्यावर सरांनीच आम्हाला स्टाफरूममध्ये उभं राहून, हातवारे करून सांगितलं. "सुनेनं अमोलले सांगतलं, बाबा राहायले येऊन राहिले. अमोलले वाटलं, बाबानं ठरवलंच असन, आता काहून येता असं इचारावं कसं? सुनेनं तिच्या आईले सांगतलं. आईनं सांगतलं, म्हाताऱ्या मानसाले संडासात धरायले दांडी लागते. दांडी लागली! नातवाची खोली खाली केली, पलंग घेतला. सोसायटीचा सेक्रेटरी गेटवर हार घेऊन उभा, म्हने कायमचे आले काय? अन् माह्या हातात एक पिशवी, तिच्यात लुंगी अन् ब्रश. म्याडम, अख्खा जलम हा फटका शिकवला, पन पाठीवर पह्यल्यांदा बसला."

आम्ही पोट धरधरून हसलो. सरही हसले. मग बाकीचे आपापल्या तासाला गेले आणि सर खुर्चीत बसले.

"मी सांगतलं तिले, की बाई, उद्या सकाळच्या गाडीनं वापस जाऊन राहिलो. लय गुनाची पोरगी हाये. उश्या नवीन, चादर नवीन, सारं तिनंच केलं. पन म्याडम, तिचा जीव भांड्यात पडला ना, त्याचा मले आवाज आला."

मी समोरची खुर्ची ओढून बसले.

"तिची काही चूक नाई," सर म्हणाले. "दोन खोल्यायचं घर. पोरगं हॉलमंधी अभ्यास करत होतं. मंग मी म्हनलं, मले कुठं सवड हाये? युनिव्हर्सिटी मले सोडतच नाई, रिटायर झाल्यावरही शिकवाच म्हनते."

विद्यापीठ असं काही म्हटलं नव्हतं. सर निवृत्त झाले, हारतुरे झाले, ते अकोल्याच्या घरी गेले. त्यांचा विषय आता कोणी पाहुणे व्याख्याते पडद्यावरून शिकवतात.

महिनाभराने सरांचा फोन आला. "म्याडम, रविवारी वर्गाची किल्ली भेटन काय?" तेव्हा मी विभागप्रमुख झाले होते, किल्ली माझ्याकडेच असे. मला वाटलं, काही पुस्तकं राहिली असतील. सर सकाळच्या एसटीने अकोल्याहून आले, इस्त्रीचा शर्ट घालून. त्यांनी फळा भरून आकृत्या काढल्या, मोबाइल दुसऱ्या बाकावर पाण्याच्या बाटलीला टेकवला आणि मला म्हणाले, "तुमी जरा पुढच्या बाकावर बसता काय? फक्त मागून डोकं दिसलं पायजे."

रविवारी सरांना मुलगा-सून व्हिडिओ कॉलवर भेटतात. माझ्या मागून ऋचाचा आवाज आला. "अय्या बाबा, आजसुद्धा तास?"

"हो ना," सर म्हणाले. सुनेशी ते आता एकेक शब्द तपासून पुस्तकी मराठीत बोलतात. "मुलांचा अभ्यासक्रम राहिला आहे. मला अजिबात वेळ मिळत नाही."

"किती काम करता हो. तब्येत सांभाळा."

"तुम्ही काळजी करू नका. मी अगदी मजेत आहे."

मी मान खाली घालून बसले होते. मला रडू येत होतं, आणि विद्यार्थ्याला रडू यायचं काही कारण नव्हतं.

फोन संपला. सरांनी तो खिशात टाकला. अकोल्याची परतीची गाडी दुपारची होती. "निंगा आता तुमी, म्याडम," ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "घरी वाट पाहून राहिले असतीन."

"सर," मी फळ्याकडे बोट केलं, "हे मला काही कळलं नाही."

सर माझ्याकडे वळले. मग त्यांनी डस्टर उचललं, अख्खा फळा पुसला आणि पहिल्यापासून शिकवायला सुरुवात केली.