नापासांचे पेढे

दहावीचा निकाल लागला की महाडच्या बाजारपेठेत नानाशेठच्या दुकानात पास झालेल्यांना पेढे विकत मिळतात आणि नापास झालेल्यांना फुकट. पाव किलो, खोक्याला लाल दोरा बांधून.

शाळेत पहिल्या आलेल्या मुलाचे वडील एकदा म्हणाले, आमच्याही पोराचं काही कौतुक करा की. नानांनी त्यांना रांगेत उभं केलं. "तुमचं तोंड गोडच हाय," म्हणाले. "साखर कडू तोंडाला लागते."

दुकान त्यांच्या आजोबांपासूनचं. त्या दिवशी घरातली झाडून सगळी माणसं कामाला लागतात. बायको खोकी भरते, सुना दोरे बांधतात, मुलगे गिऱ्हाईक सांभाळतात आणि सगळे मिळून नानांना नावं ठेवतात. पण नापासांची खोकी कमी पडलेली मी कधी पाहिली नाहीत.

अडचण एकच. नापास झालेलं पोर मिठाईच्या दुकानात कशाला येईल? म्हणून नाना स्कूटरवरून घरोघर जातात. नावं मी देतो. मी शाळेत गणित शिकवतो, त्यामुळे ती यादी वाढवण्यात माझाही हातभार असतो. बिरवाडीत एका बापाने त्यांना अंगणातूनच हाकललं, जखमेवर मीठ चोळायला आलात काय म्हणाला. नाना म्हणाले, मीठ नाय, पेढा हाय, आणि ओट्यावर बसून राहिले. खोकं आईबापाच्या हाती द्यायचं नाही, पोराच्याच हातात द्यायचं, हा त्यांचा हट्ट. पोलादपूरच्या वर एका धनगरवाडीत मुलगी गुरं घेऊन रानात गेली होती, तर हा सत्तरीचा माणूस ती परतेपर्यंत गोठ्याशी बसला. मी याला चक्रमपणा म्हणत असे.

यंदा माझी मुलगी नापास झाली. गणितात. आता शाळेत तोंड कसं दाखवायचं, हा माझा पहिला विचार. सांगायला लाज वाटते. मी यादीतून तिचं नाव गाळलं. पण महाडात असली बातमी लपते थोडीच? चारच्या सुमाराला नाना दारात हजर.

मुलीने दुपारपासून खोलीला आतून कडी लावली होती. हाका मारून मी आणि तिची आई थकलो होतो. मी म्हटलं, द्या माझ्याकडे, तिला नंतर देतो. नानांनी ऐकलं नाही. बंद दाराला टेकून खाली फरशीवर बसले आणि तिच्याशी बोलू लागले.

"माझा धाकटा भाऊ नापास झाला, तेव्हा दुकानात पासांची झुंबड होती. बाबा त्याला म्हणाले, आज समोर येऊ नको. मी पेढे बांधत होतो. जेवायला पानं वाढली तेव्हा कळलं, तो घरात नाय. अजून आला नाय. तू आत हायस ना गो?"

मग आतून बारीक आवाज आला, "आहे."

"मग झालं."

थोड्या वेळाने कडी निघाली. रडून डोळे सुजलेली माझी पोर समोर उभी होती. नानांनी तिच्याकडे नीट पाहून घेतलं, खोकं तिच्या हातात ठेवलं आणि भिंतीला धरून उठले.

इतकी वर्षं मी निकाल बघत आलो. निकालानंतर पोरं कुठे असतात, हे एकदाही बघितलं नव्हतं. नानांना मी चहाचा आग्रह केला, पण ते चपला घालत होते.

"पोलादपूरची दोन पोरं राहिलीत," म्हणाले. "घरात हायत का, बघून येतो."