एकही शब्द न गाळता

पुस्तक लिहिणं अजिबात अवघड नाही. मी स्वतः एक सव्वीस दिवसांत लिहून हातावेगळं केलं आहे, आणि त्यातले चार दिवस तर मला सडकून सर्दी झाली होती. लेखक मंडळी एकेका कादंबरीवर वर्षानुवर्षं कुंथत बसतात त्याचं कारण त्यांना धंद्याची शिस्त नसते, असं माझं तेव्हा ठाम मत होतं.

मी ऑफिसच्या खुर्च्या बनवतो. फिरत्या, चाकांच्या, पाठीला आधार देणाऱ्या. बावीस वर्षांपूर्वी लोकांच्या मोडक्या खुर्च्या दुरुस्त करण्यापासून सुरुवात केली, आज स्वतःचा कारखाना आहे आणि हाताखाली एकोणीस माणसं आहेत. पण आमच्या उद्योजक संघटनेत माझी ओळख काय, तर वार्षिक सभेला खुर्च्या पुरवणारा. त्यांच्यावर बसून भाषण करणारे वेगळे. गेली दोन वर्षं या भाषणवाल्यांना नवीनच खूळ लागलं होतं. जो तो उठून पुस्तक काढत होता. रंगाच्या कारखानदाराने काढलं, खोकेवाल्याने काढलं, आणि ज्याला चार ओळींचा निरोप धड लिहिता येत नाही त्या टाकीवाल्याचं तर दुसरंही आलं. पुस्तक आलं की माणूस वक्ता होतो आणि वक्ता झाला की व्यासपीठावर बसतो. मलाही एकदा तिथे बसायचं होतं. हसू नका. बावीस वर्षं मागे भिंतीला टेकून उभं राहिलात, तर तुम्हालाही वाटेल.

मी एक पुस्तक-सल्लागार गाठला. हा हल्लीचा नवा पेशा आहे. तो पुस्तक लिहीत नाही, छापत नाही, बहुधा वाचतही नाही, पण त्याच्यावाचून पुस्तक निघत नाही. तो म्हणाला की पुस्तक हे आजचं व्हिजिटिंग कार्ड आहे, फरक इतकाच की ते कोणी लगेच फेकून देत नाही. त्याच्याकडे तीन योजना होत्या. मी मधली घेतली. तीत मुखपृष्ठ होतं, मागणी येईल तशी छपाई होती, ऑनलाइन विक्री होती आणि 'बेस्टसेलर' हा शिक्काही होता, फक्त त्यासाठी झाडून सगळ्या नातेवाइकांनी रविवारी अकरा ते बारा या एकाच तासात पुस्तक मागवायचं होतं. भाषा तपासणं तेवढं मधल्या योजनेत नव्हतं, ते वरच्या योजनेत होतं. मी म्हटलं, भाषा काय, आपलीच आहे.

"आणि सर, एका पुस्तकात एकच नायक," सल्लागाराने बजावलं. वाचकाला म्हणे एकटा झगडणारा माणूस आवडतो. घरचे, कामगार, मित्र या सगळ्यांचे आभार शेवटच्या पानावर एका ओळीत मानायचे. पुस्तकाचं नावही त्यानेच दिलं, 'एकट्याच्या बळावर'.

मी जेवताना हे घरी सांगितलं. बायकोने विचारलं, "मग मी कुठल्या प्रकरणात आहे?"

मी तिला एका नायकाचा नियम समजावला. आभारात आहेस की, असंही म्हणालो.

"बरं," ती म्हणाली.

लग्न झालेल्या वाचकांना मी काय सांगावं. 'बरं' पुष्कळ प्रकारचं असतं. हे ताटावरून नजर न उचलता म्हटलेलं होतं. त्यानंतर ती कोशिंबीर वाढायला उठली, दोन दिवस नेहमीसारखी वागली, हसली, बोलली, पण पुस्तकाचा विषय तिने पुन्हा काढला नाही. तो एक शब्द मला आत कुठेतरी टोचत राहिला. तिचं चुकलं नव्हतं हे मला माहीत होतं. ती रोज अकरा ते पाच कारखान्यात असते. ऑर्डरी ती घेते, कापड ती निवडते, आणि नवीन खुर्ची तयार झाली की तिच्यावर तासभर बसून मटार सोलते. तासाभराने तिची पाठ दुखली तर ती खुर्ची बाद. ज्या प्रकरणात हे यायला हवं होतं त्याला मी नाव दिलं, 'गुणवत्ता : माझी करडी नजर'.

आता लिहिण्याचं. टाइप करायला मला वेळ नव्हता, म्हणून मी कारखान्यातल्या माझ्या केबिनमध्ये फोन समोर ठेवून बोलत असे आणि ते रेकॉर्डिंग आमच्या खालच्या मजल्यावरच्या काकांना पाठवत असे. काका कोर्टात चौतीस वर्षं साक्षी टाइप करून निवृत्त झालेले. हात अजून घोड्यासारखे पळतात. त्यांनी पहिल्याच दिवशी मला विचारलं, "जसंच्या तसं हवंय ना?"

मी छाती फुगवून म्हणालो, "जसंच्या तसं. माझ्या तोंडचा एकही शब्द गाळायचा नाही."

काकांचे डोळे भरून आले. निवृत्तीनंतर त्यांच्याशी कोणी इतकं समजून बोललं नव्हतं.

सव्वीस दिवसांनी काकांनी मजकूर थेट सल्लागाराकडे धाडला. सल्लागाराने तो पुस्तकाच्या साच्यात ओतला आणि तपासायला मला पाठवला. एकशे ब्याऐंशी पानं होती. मी मुखपृष्ठ बारकाईने तपासलं. चार वेळा तपासलं, हनुवटीखालची सावली दोनदा बदलून घेतली. मग शेवटी एक चौकोन आला, 'मी संपूर्ण पुस्तक वाचून तपासले आहे'. असल्या चौकोनात आपण काय करतो ते तुम्हाला ठाऊक आहे. मी टिचकी मारली. स्वतःच बोललेलं पुन्हा काय वाचायचं?

प्रकाशन वार्षिक सभेच्या दुपारी होतं. प्रती सकाळी छापखान्यातून थेट सभागृहात आल्या. मी पन्नास प्रतींच्या पहिल्या कोऱ्या पानावर सह्या केल्या, तिथून पुढे एकही पान उलटलं नाही, आणि व्यासपीठावर जाऊन मी स्वतः बनवलेल्या खुर्चीत बसलो. काका तिसऱ्या रांगेत, इस्त्रीच्या शर्टात. बायको शेवटच्या रांगेत, दाराजवळ. पुढे ये म्हणालो तर म्हणाली, इथे वारा येतो.

संघटनेचे अध्यक्ष म्हणजे तेच रंगाचे कारखानदार. त्यांची एक पद्धत आहे. ते पुस्तकावर भाषण करत नाहीत, मध्येच कुठलंही पान उघडून उतारा वाचतात. त्यांनी चष्मा लावला आणि पाचवं प्रकरण उघडलं.

"'निर्णयक्षमता,'" त्यांनी खणखणीत आवाजात सुरुवात केली. "'खरा नेता निर्णय एकट्याने घेतो. तो कोणाला विचारत बसत नाही. अगं, त्या निळ्या कापडाचं काय करू? ठेवू की परत पाठवू? परत पाठवा, विटणार आहे ते. पण त्याने सवलत दिली आहे. परत पाठवा म्हटलं ना. बरं. तर त्या दिवशी मी धडाडीने निर्णय घेतला आणि अख्खा माल परत पाठवला.'"

सभागृहात आधी दोन-चार माना वर झाल्या. मग मागच्या बाजूला कोणीतरी फिसकन हसलं. माझ्या पायाखालची जमीन सरकली, आणि ती चाकांच्या खुर्चीसकट सरकली असती तर बरं झालं असतं. अध्यक्षांना वाटलं, हा लेखनाचा काही आधुनिक प्रकार असेल. त्यांनी घाईने दुसरं पान काढलं. तिथे 'कठोर वेळापत्रक' या विषयावर दीड पान होतं आणि त्यात तीन ठिकाणी '(साक्षीदार येथे शिंकतो)' असं लिहिलेलं होतं. खाली मी चहा मागितला होता, तो मला मिळाला नव्हता, आणि का मिळणार नाही हे बायकोने सविस्तर सांगितलं होतं. वाचता वाचता अध्यक्षांनी दयेपोटी दोन वाक्यं सोडली. तर तिसऱ्या रांगेतून काका उभे राहिले. हातातल्या प्रतीत ओळीवर बोट तसंच ठेवून ते नम्रपणे म्हणाले, "अध्यक्ष महोदय, एक ओळ राहिली."

झालं. सगळ्यांनी आपापल्या प्रती उघडल्या. वार्षिक सभेत इतकी वाचनाची आवड मी कधी पाहिली नव्हती. टाकीवाला डोळे पुसत होता. खोकेवाल्याची बायको शेजारणीला पान दाखवत होती. 'करडी नजर' या प्रकरणात नवीन खुर्ची पाठीला कशी टोचते हे माझी बायको मला सांगत होती, मी नाही म्हणत होतो, आणि मागे मटारच्या शेंगा फुटल्याची नोंदसुद्धा काकांनी कंसात करून ठेवली होती. बावीस वर्षांत मी घेतलेला एकही निर्णय मी घेतलेला नव्हता, हे एकशे ब्याऐंशी पानांत बारीक तपशिलासह छापलेलं होतं.

लोक हसले त्याचं मला इतकं काही वाटलं नाही. मी बघत होतो शेवटच्या रांगेकडे. आपल्या घरातलं बोलणं असं चव्हाट्यावर आलं म्हटल्यावर तिला काय वाटत असेल? आधी मी तिला पुस्तकातून काढलं, आणि आता सगळ्या गावासमोर आणून बसवलं. ती हसत नव्हती. ती एकाच पानावर थांबली होती आणि कितीतरी वेळ ते पान उलटत नव्हती. मग उठली आणि सरळ व्यासपीठाकडे चालत आली. मी उभा राहिलो. माझी खुर्ची तिला दिली, कारण दुसरं काय करायचं ते मला सुचेना.

ती बसली. पुस्तक तिने माझ्या हातात दिलं. "पान एकशे एकोणीस," ती हळूच म्हणाली. "हे तुम्ही वाचा. मला तुमच्या तोंडून ऐकायचंय."

मी पान बघितलं आणि माझ्या लक्षात आलं तो दिवस कोणता. तिला छातीत गाठ लागली होती. तपासणीला ती तिच्या बहिणीबरोबर गेली, कारण त्याच दिवशी माल निघायचा होता आणि तिने मला यायला बंदी केली होती. निघताना मी तिला एवढंच म्हणालो होतो की छत्री घे. गाठ साधी निघाली, देवाची कृपा. पण ती परत येईपर्यंतचे चार तास मी केबिनमध्ये फोनसमोर बसून पुस्तक लिहीत होतो.

मी वाचलं. न वाचून करतो काय, काका तिसऱ्या रांगेत बोट ठेवून बसलेच होते.

"'धोका पत्करणे. धंद्यात ज्याला धोका पत्करता येतो तोच. (साक्षीदार थांबतो.) आज ती नाही. मी येतो म्हटलं तर नको म्हणाली, आणि मी खरंच थांबलो. गाढव आहे मी. (साक्षीदार थांबतो.) तिची जागा रिकामी आहे, मला तिकडे बघवत नाही. काही वाईट निघालं तर हा कारखाना घेऊन मी काय करू? मला यातलं काही येत नाही. मला स्क्रू पिळता येतात. बाकी सगळं तिने केलं. तिला हे कधी सांगितलं नाही, आता काय सांगणार, घाबरेल ती. हे लिहू नका. हे पुस्तकात नको. (साक्षीदाराचा आवाज नीट ऐकू येत नाही.) तर, धोका पत्करण्याचे तीन प्रकार आहेत.'"

ते तीन प्रकार मला वाचता आले नाहीत. सभागृहात कोणी हसत नव्हतं. टाकीवाला पुन्हा डोळे पुसत होता, पण या वेळी वेगळ्या कारणाने.

बायको माझ्याकडे बघत होती. "एवढं मनात होतं तर छत्रीचं काय सांगत बसलात?" ती म्हणाली, आणि मग सगळ्यांच्या देखत तिने माझा हात धरला. संघटनेच्या व्यासपीठावर असं याआधी झालं नव्हतं. मी उभाच होतो, पण त्या दिवशी मला बसायची काही गरज वाटली नाही.

नंतर चहाच्या वेळी मी काकांना कोपऱ्यात घेतलं. हे लिहू नका असं मी स्पष्ट म्हणालो होतो की नाही, असं विचारलं.

"म्हणालात की," काका म्हणाले. "तेही लिहिलंय."

मला वाटलं होतं, सल्लागार आता हात झटकेल. तो उलट फोनवर नाचत होता. पुस्तकाला मागणी येत होती, आणि तीही रविवारच्या अकरा ते बारा सोडून इतर वेळी. बहुतेक सगळी उद्योजकांच्या बायकांकडून. वाचकाला सध्या अस्सल माणूस हवा असतो, हे आपण पहिल्यापासून सांगत होतो, असं तो म्हणाला. त्याने तसं कधीच सांगितलं नव्हतं. मी म्हटलं, मग दुसरं पुस्तक कधी सुरू करू? तो जरा घुटमळला. दुसरं पुस्तक हवं आहे, म्हणाला, पण मॅडमचं.

तर सध्या आमच्या घरी रोज संध्याकाळी तेच चालू आहे. काका येतात, बायको समोर बसून सांगते, आणि मी मध्ये मध्ये बोलतो म्हणून मला खोलीबाहेर काढलेलं आहे. मी दाराला कान लावून उभा असतो. तीन प्रकरणं झाली. कापडाचं झालं, कामगारांचं झालं, गिऱ्हाइकाशी कसं बोलावं ते झालं. माझं नाव अजून आलेलं नाही. कसं वाटतं ते आता मला कळतं.

काल मात्र चौथं प्रकरण सुरू असताना ती मध्येच थांबली. "काका, एक मिनिट हं," आतून आवाज आला. "दाराबाहेर हे उभे आहेत कधीपासून. गुडघा दुखतो त्यांचा. त्यांना खुर्ची देऊन येते."

काकांचं टाइपिंग थांबलं नाही. तेव्हा एका वाक्यापुरता का होईना, पुस्तकात मी आहे.